छात्रालयातील साने गुरुजी

खानदेशात बोरी नदीच्या काठी अमळनेर हे गाव वसलेले आहे. संत सखाराम महाराजांच्या वास्तव्याने हे स्थान पावन झाले असून वैशाखात तेथे भरणाऱ्या यात्रेमुळे त्या प्रांतातील भाविक त्यास प्रतिपंढरपूरच मानीत आले आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभी याच गावी कापडाची गिरणी उभी राहिली, प्रतापशेठ यांच्या औदार्याने १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर स्थापन झाले, आणि खानदेश शिक्षण मंडळाची माध्यमिक शाळाही येथेच नावारूपास आली. पुढे ती प्रताप हायस्कूल या नावाने ओळखली जाऊ लागली. पुण्यास पदवी घेतलेला एक तरुण तत्त्वज्ञानाच्या अध्ययनासाठी या गावी आला. ब्रह्म, माया, जीव आणि जगत् यांविषयीच्या चर्चेत आपले आयुष्य जाईल अशी त्याची अपेक्षा असावी. परंतु त्याचे खरे अध्ययन तत्त्वज्ञान मंदिरात झाले नाही. ते झाले शाळेच्या छात्रालयात, चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांची अंथरुणे उचलताना. हा तरुण म्हणजे पांडुरंग सदाशिव साने. पुढे सारा महाराष्ट्र त्यांना साने गुरुजी म्हणू लागला.

माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्याचे वय मोठे अवघड असते. तो बाळ राहिलेला नसतो आणि पुरुषही झालेला नसतो. उपदेश त्यास नकोसा वाटतो, धाक त्यास खोटे बोलावयास शिकवितो, आणि मोकळे सोडल्यास तो संगतीच्या ओघात वाहून जातो. अशा वयात शील कसे घडवावे हा प्रश्न प्रत्येक पिढीतील पालकांस आणि शिक्षकांस पडत आला आहे. साने गुरुजींनी या प्रश्नावर शास्त्रीय पद्धतीचा प्रबंध लिहिला नाही. अमळनेरच्या सहा वर्षांत त्यांनी तो स्वतःच्या देहाने सोडवून पाहिला. त्यांच्या चरित्रातील लढे, तुरुंगवास व ग्रंथसंपदा ही सर्व मोठीच आहेत. परंतु त्या सर्वांचे मूळ या सहा वर्षांत आहे आणि या सहा वर्षांचे मूळ त्याहूनही मागे, कोकणातील एका घरात आहे.

रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यात पालगड नावाचे गाव आहे. तेथे २४ डिसेंबर १८९९ रोजी त्यांचा जन्म झाला. घराणे खोतांचे, परंतु वैभव ओसरले होते, कर्ज वाढत चालले होते आणि वडील सदाशिवराव यांचे दिवस कोर्टकचेऱ्यांत जात होते. आई यशोदाबाई यांनी हे दारिद्र्य सोशिकपणे झेलले. शाळेचे शिक्षण त्या माउलीस फारसे नव्हते. मुलांना काय शिकवावे याचे पुस्तक तिने वाचले नव्हते. तरी तिच्या हातून जे शिक्षण घडले त्याच्या तोडीचे शिक्षण फार थोड्या शाळांतून मिळाले असेल.

त्या शिक्षणाची रीत गुरुजींनी पुढे आपल्या ग्रंथात वर्णिली आहे. मुलगा पोहावयास भितो आणि माळ्यावर लपतो, तेव्हा हीच प्रेमळ आई त्यास फोकाने झोडपून विहिरीवर पाठविते. पत्रावळ लावता येत नाही म्हणून तो टाळाटाळ करतो, तेव्हा स्वतः लावलेल्या पत्रावळीवरच जेवावयास मिळेल असा नियम होतो. एके दिवशी भाजीत मीठ घालावयाचे राहून जाते. वडील एक अक्षर न बोलता ती जेवतात, म्हणून मुलेही निमूटपणे जेवतात. मागाहून आई जेवावयास बसते तेव्हा तिला आपली चूक कळते आणि तीच खंतावते. येथे कोणी कोणास संयमाचा पाठ दिलेला नाही. तरी त्या पंक्तीत बसलेल्या मुलास अन्नाला नावे ठेवू नयेत, आणि जिने रांधले तिचे मन दुखवू नये, एवढे जन्मभर पुरेल इतके कळून गेले. आणखी एक प्रसंग त्या ग्रंथात आहे. अस्पृश्य मानल्या गेलेल्या एका म्हातारीच्या डोक्यावरची लाकडांची मोळी खाली पडते. कोणी तिला हात लावीत नाही. आई मुलास सांगते की तिची मोळी उचलून डोक्यावर दे आणि घरी येऊन स्नान कर. स्नानाचा जुना आचार तिने सोडला नाही. मात्र त्या आचारासाठी म्हातारीला ताटकळत ठेवणे तिला मान्य झाले नाही. हा प्रसंग वाचकाने लक्षात ठेवावा. त्याची फलश्रुती तीस-पस्तीस वर्षांनी पंढरपुरास दिसावयाची होती.

दापोलीच्या इंग्रजी शाळेत काही वर्षे काढल्यावर घरच्या ओढगस्तीमुळे पुढील शिक्षण अशक्य झाले. औंध संस्थानात गरीब विद्यार्थ्यांची सोय होते असे ऐकून हा मुलगा तेथे गेला. तेथे अर्धपोटी दिवस निघाले; पुढे प्लेग आला. मग पुणे, नूतन मराठी विद्यालय, आणि तेथेही तेच दारिद्र्य. या धडपडीत असतानाच १९१७ साली आई वारली. पुत्र पुण्याहून पोचला तेव्हा सर्व आटोपले होते. आईची शेवटची भेट झाली नाही ही सल त्यांच्या मनातून कधीही गेली नाही. पुढील आयुष्यात प्रत्येक आजारी मुलाच्या उशाशी रात्र रात्र बसणाऱ्या या माणसाचे मन समजून घ्यावयाचे असेल तर ही सल विसरून चालणार नाही. १९१८ साली ते मॅट्रिक झाले आणि पुढे न्यू पूना कॉलेजातून, म्हणजे आजच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयातून, पदवीधर झाले.

तत्त्वज्ञान मंदिरात त्यांचे मन रमले नाही. विद्वत्ता त्यांना अप्रिय नव्हती. अद्वैत तर त्यांच्या रक्तात भिनले होते. परंतु सर्व भूतांच्या ठायी एकच आत्मा आहे हे सिद्ध करीत बसण्यापेक्षा शेजारी उपाशी निजलेल्या मुलास भाकरी देणे हा त्यांना त्या सिद्धान्ताचा अधिक सरळ अर्थ वाटत होता. जून १९२४ मध्ये ते शाळेत शिक्षक झाले आणि लवकरच छात्रालयाची व्यवस्था त्यांच्याकडे आली.

प्रथमदर्शनी त्यांची निवड कोणासही चुकीची वाटली असती. छात्रालयाचा व्यवस्थापक म्हणजे करडा आवाज, हाती छडी आणि मुलांच्या पेट्यांवर नजर, अशी त्या काळची समजूत होती. साने मास्तर लाजाळू, मितभाषी, खादीचे साधे कपडे घालणारे आणि चटकन डोळे भरून येणारे. खानदेशच्या खेड्यापाड्यांतून आलेली मुले धट्टीकट्टी होती आणि शहरातील शिस्तीची त्यांना सवय नव्हती. खोल्या अस्ताव्यस्त, अंथरुणे तशीच पडलेली, धोतरे कोपऱ्यात फेकलेली. यावर दंड बसविता आला असता. साने मास्तरांनी दंड बसविला नाही. मुले बाहेर गेली की ते खोलीत शिरत, केर काढीत, अंथरुणांच्या घड्या घालीत, मळके कपडे धुऊन वाळत टाकीत. मुले परत येऊन पाहात तो खोली लख्ख. कोणी केले हे पहिल्याने कळत नसे. कळले तेव्हा मुले ओशाळली. ज्यांना रागे भरण्याने काही वाटले नसते ती मुले आपल्या शिक्षकाच्या हाती आपला केर पाहून शरमली, आणि हळूहळू त्यांनी आपली खोली आपणच झाडावयास आरंभ केला.

या पद्धतीवर आक्षेप घेता येण्यासारखा आहे, आणि तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही. मुलांची कामे मोठ्यांनी करून दिली तर मुले आळशी होतील, सेवा करून घेणे हा आपला हक्कच आहे असे मानू लागतील, अशी शंका कोणाही व्यवहारी माणसाच्या मनात येईल. काही मुलांच्या बाबतीत तसे घडलेही असेल. शंभर मुलांत दहा मुले निगरगट्ट असतातच. परंतु येथे एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. जो नोकर म्हणून केर काढतो त्याच्याकडे पाहून मुलास लाज वाटत नाही. जो धाकाने केर काढावयास लावतो त्याचा मुलास राग येतो. परंतु ज्याच्या ज्ञानाविषयी आदर आहे, जो वर्गात संस्कृत आणि मराठी तन्मयतेने शिकवितो आणि ज्याचे आपल्यावर प्रेम आहे याविषयी संशय नाही, असा माणूस जेव्हा खाली वाकून आपला केर उचलतो तेव्हा मुलाच्या मनात काही निराळेच घडते. श्रमाची लाज जाते आणि आळसाची लाज येते. केवळ सेवेने हे साधत नाही. सेवा करणाऱ्याची योग्यता मुलांना आधी पटलेली असावी लागते. पालगडच्या आईची रीत हीच होती. फरक एवढाच की तिच्यापाशी फोकही होता. पुत्राने फोक घेतला नाही. हे योग्य झाले की कसे, याविषयी मतभेद संभवतो.

आजारी मुलांची शुश्रूषा हे छात्रालयातील त्यांचे दुसरे मोठे काम. घरापासून दूर असलेल्या मुलास ताप आला की त्यास प्रथम आई आठवते. साने मास्तर त्या मुलाच्या जवळ बसत, औषध देत, पाय चेपीत, रात्र जागून काढीत. गरीब मुलाची फी तटली तर आपल्या पगारातून भरीत. आपल्या पगारावर आपलाच पहिला हक्क असतो हे त्यांना कधी उमगलेच नाही असे म्हणावे लागते. औंध आणि पुणे येथील अर्धपोटी दिवस त्यांच्या स्मरणात ताजे होते. ज्याने उपास काढले आहेत तोच कोणता मुलगा मुकाट्याने उपाशी आहे हे चेहऱ्यावरून ओळखू शकतो.

तिसरे साधन म्हणजे छात्रालय दैनिक. हे दैनिक छापलेले नव्हते. साने मास्तर ते स्वतः हाताने लिहीत आणि मुलांना वाचावयास लावून ठेवीत. त्यात देशोदेशींच्या वार्ता असत, थोर पुरुषांची चरित्रे असत, इतिहास, काव्य, विज्ञान यांतील गोष्टी असत, आणि छात्रालयातील बऱ्यावाईट घटनांविषयी चार शब्द असत. रोजच्या रोज नवा मजकूर लिहिणे हे किती कष्टाचे काम आहे हे लेखनव्यवसाय करणाऱ्यांस ठाऊक आहे. येथे ते शाळेचे तास, तपासावयाच्या वह्या आणि छात्रालयाची व्यवस्था सांभाळून चालले होते. या दैनिकाचा परिणाम दुहेरी झाला. खेड्यातून आलेल्या मुलाच्या डोळ्यांपुढे सारे जग उघडले. आणि समोरासमोर बोलताना ज्या गोष्टींनी मुलाचा अपमान झाला असता त्या लेखनातून, कोणाचे नाव न घेता, त्याच्यापर्यंत पोचल्या. दोष चारचौघांत उघडा न करता दोषी माणसास एकान्तात विचार करावयास लावणे, ही संतवाङ्मयाच्या उपदेशाचीही रीत आहे. कीर्तनकार व्यासपीठावरून सर्वांस सांगतो. ज्याचे त्यास कळते. १९२८ साली त्यांनी विद्यार्थी नावाचे मासिक काढले आणि छात्रालयाच्या भिंतींत असलेले हे शिक्षण बाहेरच्या मुलांनाही मिळू लागले.

शील म्हणजे काय, याविषयीची त्यांची कल्पना केवळ खोटे बोलू नये, चोरी करू नये, वडिलांची आज्ञा पाळावी, एवढ्यापुरती नव्हती. आपल्या पुस्तकांत त्यांनी स्वतःच्या बालपणीची चोरी आणि खोटेपणाही सांगून टाकला आहे. पुस्तके घेण्याच्या मोहाने पाहुण्याचे पैसे उचलणारा मुलगा त्यांच्या ग्रंथात आहे आणि तो दुसरा कोणी नसून नायकच आहे. शिक्षकाने आपले दोष मुलांपासून झाकावेत असा संकेत असताना त्यांनी ते उघड केले. आदर्श मुलगा म्हणून जन्मास आलेल्या मुलाची गोष्ट वाचून सामान्य मुलास निराशाच येते. चुकलेला, रडलेला आणि पुन्हा उभा राहिलेला मुलगा त्यास आपला वाटतो. त्यांच्या लेखनाची मुलांवरील पकड येथे आहे.

त्यांच्या भावनाप्रधान वृत्तीवर टीका करणारे त्यांच्या हयातीतही होते आणि नंतरही झाले. डोळ्यांतून वारंवार पाणी काढणारे लेखन मुलांना दुबळे करते असे या टीकेचे सार आहे. टीकेत तथ्याचा अंश नाही असे नाही. त्यांच्या काही पुस्तकांत करुणरसाचा अतिरेक झालेला आढळतो. परंतु या डोळ्यांच्या माणसाने पुढे काय काय सोसले आणि कोणाकोणास नकार दिला, हे पाहिले म्हणजे मृदुता व दुबळेपणा यांत अंतर आहे हे मान्य करावे लागते.

१९३० साली मिठाच्या सत्याग्रहाने देश ढवळून निघाला. वर्गात देशभक्तांची चरित्रे सांगावयाची आणि वेळ आली तेव्हा पगाराच्या खुर्चीवर बसून राहावयाचे, हे साने मास्तरांना जमण्यासारखे नव्हते. एप्रिलमध्ये त्यांनी शाळेचा राजीनामा दिला. ज्या मुलांना त्यांनी आईच्या मायेने सांभाळले त्यांना सोडून जाताना त्यांना काय वाटले असेल याची कल्पना करता येते. तथापि तो राजीनामा हाच त्या मुलांना दिलेला त्यांचा शेवटचा पाठ ठरला. छात्रालयाचे पुढे काय होणार, हा प्रश्न मात्र राहिलाच. एका माणसाच्या प्रेमावर उभारलेली व्यवस्था त्या माणसाबरोबर निघून जाते. नियमांवर उभारलेली व्यवस्था, रूक्ष असली तरी, मागे राहते. गुरुजींच्या पद्धतीची ही मर्यादा आहे. तिला उत्तर एकच देता येते: व्यवस्था गेली तरी मुले राहिली. त्यांच्या हाताखालून गेलेल्यांपैकी अनेक जण पुढे देशकार्यात आणि समाजसेवेत उतरले. धडपडणारी मुले ही त्यांची कादंबरी या अनुभवांतूनच निर्माण झाली.

धुळे आणि त्रिचनापल्ली येथील तुरुंगांत त्यांचा पहिला कारावास झाला. त्रिचनापल्लीस दक्षिणेकडील राजबंद्यांचा सहवास घडला. ते तमिळ शिकले आणि तिरुवळ्ळुवरांच्या कुरळचा त्यांनी मराठीत अनुवाद केला. एका प्रांतातील माणसास शेजारच्या प्रांताची भाषाही येऊ नये याची खंत त्यांना तेथेच लागली. तिच्यातून आंतरभारतीची कल्पना निघाली. भारतातील निरनिराळ्या भाषा बोलणाऱ्यांनी परस्परांच्या भाषा शिकाव्यात, परस्परांचे वाङ्मय वाचावे, ही ती कल्पना होय. १९४९ च्या पुण्याच्या साहित्य संमेलनात त्यांनी ती कळकळीने मांडली. जेथे दोन भाषा एकाच उंबऱ्याशी नांदतात अशा सीमाभागातील घरांना या कल्पनेचे मोल निराळे सांगावयास नको.

१९३२ साली ते पुन्हा धुळ्याच्या तुरुंगात होते. त्या वर्षी २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी विनोबांनी तेथे गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन केले. अठरा आठवड्यांत अठरा अध्याय पुरे झाले. ही प्रवचने साने गुरुजींनी भराभर लिहून घेतली. त्यांनी ती टिपून घेतली नसती तर गीता प्रवचने हा ग्रंथ आज ज्या स्वरूपात भाविकांच्या हाती आहे त्या स्वरूपात मिळाला नसता. छात्रालयात रोज लेखणी चालविण्याची झालेली सवय अशी कामास आली. दुसऱ्याचे शब्द आपले न करता, आपले शब्द त्यांत न मिसळता, विश्वासाने उतरून घेणे हेही एक प्रकारचे शीलच आहे.

नंतरच्या वर्षी नाशिकच्या तुरुंगात, ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत, त्यांनी श्यामची आई हा ग्रंथ लिहिला. दिवसा तुरुंगातील कामे करावीत आणि उरलेल्या वेळात लिहावे, असे ते लेखन झाले. १९३५ साली तो प्रसिद्ध झाला आणि ज्या घरांत दुसरे पुस्तक नव्हते अशाही घरांत पोचला. आचार्य अत्रे यांनी त्यावर काढलेल्या चित्रपटास १९५४ साली राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. ते पाहावयास लेखक उरला नव्हता.

१९३६ सालचे फैजपूरचे काँग्रेस अधिवेशन, खानदेशातील शेतकऱ्यांचे व कामगारांचे लढे, १९४२ चे आंदोलन, पुनःपुन्हा घडलेला कारावास, हा सर्व इतिहास अन्यत्र सविस्तर नमूद आहे. येथे त्या पालगडच्या मोळीकडे वळले पाहिजे.

पंढरीचा पांडुरंग सर्वांचा, असे वारकरी संप्रदाय शतकानुशतके गात आला. चोखामेळ्याची समाधी महाद्वारासमोर आहे. तरी अस्पृश्य मानलेल्या भाविकास गाभाऱ्यात जाऊन चरणांवर मस्तक ठेवता येत नव्हते. नामदेवपायरीपाशी त्याची वाट संपत असे. विठ्ठलाच्या नावाचाच हा पांडुरंग ते पाहून अस्वस्थ झाला. त्यांनी उपोषणाचा निश्चय जाहीर केला. सहकाऱ्यांच्या आग्रहावरून तो पुढे ढकलला आणि लोकमत तयार करण्यासाठी १९४७ च्या आरंभी राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकासह महाराष्ट्राचा दौरा केला. गावोगावी विहिरी आणि मंदिरे खुली झाली. पंढरपूरचे दार मात्र बंदच होते. १ मे १९४७ रोजी त्यांनी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणास प्रारंभ केला.

रूढीने जखडलेल्या त्या क्षेत्रात एका मठाने या उपोषणास आश्रय दिला ही गोष्ट भाविकांनी विसरू नये. विरोध कडवा होता. धर्म बुडाला अशी हाकाटी झाली. आणि अशातच, अपुऱ्या माहितीवरून, उपोषण सोडावे अशी महात्मा गांधींची तार आली. ज्यांच्या शब्दासाठी त्यांनी सतरा वर्षांपूर्वी नोकरी सोडली होती, त्यांचाच हा निषेध. आज्ञापालनालाच शील समजणारा माणूस येथे उठून जेवावयास बसला असता. गुरुजींनी नम्रपणे आपली बाजू कळविली आणि उपोषण चालू ठेवले. महात्माजींविषयीचा त्यांचा भक्तिभाव तिळभरही कमी झाला नाही. परंतु गुरूविषयीची भक्ती आणि स्वतःच्या अंतःकरणाची साक्ष यांत विरोध आला असता साक्षीस स्मरून वागावे लागते. गणेश वासुदेव मावळंकर यांनी मध्यस्थी केली. बडवे मंडळींनी मंदिर खुले करण्यास संमती दिली, आणि दहा दिवसांनी उपोषण सुटले. मुलाने म्हातारीची मोळी उचलून दिली होती आणि घरी येऊन स्नान केले होते. आता त्या स्नानाचीही गरज उरली नाही.

या घटनेनंतर वर्षही पूर्ण होण्यापूर्वी, ३० जानेवारी १९४८ रोजी, महात्माजींचा खून झाला. मारेकरी महाराष्ट्रीय होता. त्या पापाचा वाटा आपलाही आहे असे मानून गुरुजींनी एकवीस दिवसांचे उपोषण केले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी साधना साप्ताहिक सुरू केले. स्वातंत्र्य आले, परंतु त्यांनी मुलांना ज्याचे स्वप्न दाखविले होते तो समाज दिसेना. द्वेष, लोभ आणि सत्तेची चढाओढ पाहून त्यांचे मन खचत गेले. इतरांचे दुःख स्वतःचे मानण्याची जी शक्ती छात्रालयात शेकडो मुलांना आधार झाली, तीच शक्ती आता त्यांना आतून जाळू लागली. ११ जून १९५० रोजी, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, त्यांनी स्वतःच्या हाताने आपली जीवनयात्रा संपविली. भाविक मनास हा शेवट रुचत नाही आणि त्याचे समर्थन करण्याचे कारणही नाही. सर्वांच्या उशाशी बसणाऱ्या या माणसाच्या उशाशी बसावयास त्या रात्री कोणी नव्हते, एवढेच खेदाने नमूद करावे लागते.

त्यांनी रचलेली प्रार्थना महाराष्ट्रातील असंख्य शाळांतून मुलांच्या तोंडी बसली. पालगडास त्यांचे स्मारक झाले. शेवटच्या काळात साधनेचे अंक, सभा आणि मनाची घालमेल यांतून वेळ काढून ते आपल्या लहान पुतणीस पत्रे लिहीत असत. त्या पत्रांत पाऊस आहे, फुले आहेत, पाखरे आहेत, देशोदेशींच्या गोष्टी आहेत. छात्रालय दैनिक बंद होऊन वीस वर्षे लोटली होती. ती पत्रे सुंदर पत्रे या नावाने पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली.